सात नंबरच्या टाकीतली भरती

टाकीमाळावर समुद्र नव्हता, खाडी नव्हती, नदीसुद्धा पावसाळ्यापुरती पाहुणी म्हणून यायची. तरीही तिथल्या सात नंबरच्या टाकीत रोज दोनदा भरती यायची. हे सगळ्यात आधी कळलं दुर्वा तांडेलला, आणि कळलं तेव्हा ती डबा खात होती. आता इतकी मोठी गोष्ट माणसाला मेथीची भाजी चावता चावता कळावी का? पण तशीच कळली.

समोर पडदा होता आणि पडद्यावर एक रेघ. ती सरळ असायला हवी होती आणि नव्हती. ती चढत होती, पण इतकी सावकाश, की टक लावून बघितलं तर अगदी गप्प उभी असल्यासारखी. जरा नजर वळवून, घास गिळून परत बघितलं की आधीपेक्षा वर. खोड्या करणाऱ्या पोरासारखी.

टाकीमाळ म्हणजे सोलापूरच्याही पलीकडचा, उसाच्या पट्ट्याच्या टोकाला पसरलेला उघडा माळ. त्यावर बारा टाक्या, एकेक चाळीस मीटर रुंद. कुणीतरी अवाढव्य पांढरे डबे उपडे घालून ठेवावेत तशा. आत स्पिरिट. उसापासून केलेलं, गाड्यांत घालायचं. आता पंपावर पेट्रोलचा नळ शोधावा लागतो, त्यामुळे टाकीमाळाला भाव आला होता. दुर्वा अठरा वर्षांची, आयटीआयमधून नुकतीच बाहेर पडलेली, आणि इथल्या उपकरण विभागात शिकाऊ म्हणून लागलेली. तिच्याकडे काम होतं रडारांचं.

टाकीत माल किती हे बघायला झाकण उघडून डोकावता येत नाही. स्पिरिटची वाफ ठिणगीची वाटच बघत असते. म्हणून छपराला आतून एक छोटा कर्णा बसवलेला असतो, तोंड खाली करून. विहीर किती खोल आहे हे बघायला आपण खडा टाकतो आणि ‘डुबुक’ कधी ऐकू येतं ते मोजतो ना, तसंच. फक्त इथे खडा म्हणजे रेडिओलहरींचा एक ठोका, आणि तो पडतो प्रकाशाच्या वेगानं. खाली जातो, स्पिरिटच्या पृष्ठभागावर आपटतो, परत कर्ण्यात येतो. जायला-यायला लागलेल्या वेळावरून वरची रिकामी जागा कळते आणि टाकीच्या उंचीतून ती वजा केली की उरतो माल. एका पापणीच्या उघडझापीत असा ठोका वीसेक लाख वेळा जाऊन येईल. आतली शिडी आणि पाइपसुद्धा मध्येच प्रतिध्वनी देतात. त्यांना ‘तुम्ही नाही, तुम्ही गप्प बसा’ असं यंत्राला आधी शिकवून ठेवावं लागतं.

हे सगळं जुनंच. नवं काय होतं, तर टाकीमाळावर आलेले नवे रडार ठोका किती वेळात परतला एवढंच बघत नसत. परतताना लाटेचा माथा वर होता की पोट खाली, तेही बघत, आणि असे कोट्यवधी ठोके एकत्र करून त्यांची सरासरी काढत. त्यामुळे त्यांना केसाच्या पन्नासाव्या भागाइतकी हालचाल दिसायची. टाकी एका बाजूला खचायला लागली तर वेळेत कळावं, म्हणून प्रत्येक टाकीवर दोन रडार होते, एक पूर्वेच्या कडेला, एक पश्चिमेच्या. दोघांच्या मापांत फरक किती हे दाखवणारी जी रेघ, तीच ही चढणारी रेघ. बाकीच्या टाक्यांत रोज माल भरला-काढला जायचा, सात नंबर तेवढी सध्या शांत होती.

म्हणजे टाकीतलं स्पिरिट पूर्वेकडे झुकत होतं.

बिराजदार मॅडमनी, म्हणजे उपकरण विभागाच्या मुख्य बाईंनी, दुर्वाला आधीच सांगून ठेवलं होतं की रेघ जरा थरथरली तर उन्हाचा परिणाम समजायचा, आणि महिनाअखेरीला त्या अशा बारीक हालचाली पुसून टाकणारी गाळणी सुरू करणारच आहेत. पण ऊन काही दिवसातून दोनदा येत नाही. ही रेघ दोनदा चढायची, दोनदा उतरायची. आणि दुसऱ्या दिवशी तेच, फक्त साधारण पाऊण तास उशिरा. तिसऱ्या दिवशी आणखी पाऊण तास उशिरा.

पाऊण तास म्हटल्यावर दुर्वानं डबा बाजूला सारला. आंबवेळ बंदरावरची पोरं हे बाराखडीच्या आधी शिकायची. चंद्र रोज पाऊण तास उशिरा येतो आणि त्याच्यामागोमाग पाणीही.

आंबवेळ हे तिचं गाव. आता ‘होतं’ म्हणायला हवं. समुद्र दरवर्षी थोडा थोडा वर आला, आधी धक्का गेला, मग कोळीवाड्याची पहिली आळी, मग दुसरी, आणि शेवटी लोकच पांगले. दुर्वा तेव्हा बारा वर्षांची होती. तिच्या आईला, जयमालाला, टाकीमाळाच्या कॅन्टीनचं काम मिळालं आणि तिघं इथे आली. आई रुळली, मुलगी तर काय कुठेही रुळते. रुळले नाहीत ते बाबा.

हिराजी तांडेल. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, आणि यांच्या घरात ते नुसतं आडनाव नव्हतं. सहा वर्षं हा माणूस कॉलनीच्या पायरीवर बसून होता. हाताला सवय म्हणून त्यांनी तालुक्यातल्या एकूण एक शाळांना व्हॉलीबॉलची जाळी विणून दिली होती. अशी जाळी, की बॉल फाटेल पण ती फाटणार नाही. ते म्हणत, इथलं पाणी नळात झोपतं, हंड्यात झोपतं, त्याला उठबस माहीत नाही. अशा पाण्याशेजारी माणसानं उठायचं कधी आणि निजायचं कधी? आता गावच्या धाकलूकाकांचा फोन आला होता. आंबवेळच्या पुढच्या खाडीत तरंगतं बंदर बांधलं होतं, सूर्यावर चालणारी होडी होती, तांडेल हवा होता. नारळी पौर्णिमेला तिथे समुद्राला नारळ द्यायचा आणि कामाला लागायचं.

आईनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “जायचं तर जा. पण मग येताना पाहुण्यासारखे या. चहा घ्या आणि निघा.”

तेव्हापासून ती बाबांशी बोलत नव्हती. म्हणजे बोलायची, पण दुर्वामार्फत. तिघं एका ताटवाटीच्या अंतरावर बसलेली, आणि आई म्हणणार, सांग त्यांना, भाकरी झाली. बाबा म्हणणार, सांग तिला, ऐकलं. दुर्वाला आधी हसू यायचं, मग यायचं बंद झालं. नारळी पौर्णिमा महिन्यावर आली होती. तिला एवढंच हवं होतं की बाबांनी जाऊ नये. बस. बाकी जगात काय व्हायचं ते होऊ दे.

आणि नेमकी तेव्हा सात नंबरमध्ये भरती आली. हे आपल्यासाठीच आलंय असं अठराव्या वर्षी वाटणार नाही तर कधी वाटणार?

ती बिराजदार मॅडमना विचारून रेघेचा फोटो घेऊन घरी गेली. मॅडम म्हणाल्या, “ने की. उन्हाचा फोटो काढून काय करणारेस कुणास ठाऊक.” बाबा पायरीवर जाळीला गाठी मारत होते. तिनं त्यांच्यापुढे फोन धरला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. टाकी, ठोका, कर्णा, केसाचा पन्नासावा भाग. त्यांनी गाठ अर्धीच सोडली. बराच वेळ ते रेघेकडे बघत राहिले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही आलं, जे तिनं सहा वर्षांत बघितलं नव्हतं. तहान लागलेल्या माणसाला लांबून हंड्याचा आवाज यावा तसं.

“वर कधी गेली ही?” त्यांनी विचारलं.

“आज? पाऊण वाजता.”

त्यांनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. “आज वद्य पंचमी. पंचमीला आपल्याकडे पाणी भरतं पावणेचारला. पाऊण वाजता ते अजून अर्ध्या वाटेवर असतं.” आणि मग, रागानं नाही, नुसतं दमून, “हे आपलं पाणी नाय गो बाय. कसलंतरी दुसरंच हललंय तुझ्या टाकीत.”

त्यांनी अर्धी राहिलेली गाठ पुरी केली.

दुर्वाला ती गाठ रात्रभर टोचली. सकाळी तिनं स्वतःची समजूत घातली, की यंत्रच नवं, वेळ मोजण्यात कुठेतरी घोळ असणार. तीन तास म्हणजे बरोबर एक प्रहर. चूक इतकी नेमकी असेल तर ती चूक नसतेच, ते घड्याळ चुकीचं लावलेलं असतं, आणि घड्याळ काय, दुरुस्त करता येतं. तिनं टाकीमाळाच्या यंत्रणेला हात लावला नाही. तेवढी अक्कल होती तिला. पण बाबांच्या फोनवर तिनं एक पान तयार केलं. त्यात सात नंबरची रेघ यायची, एक प्रहर थांबून, आंबवेळच्या वेळेत बसवून.

“यंत्राचं घड्याळ बिघडलं होतं,” तिनं सांगितलं. “आता लावलं.”

बाबांनी पेरांवर मोजलं. जुळलं. दुसऱ्या दिवशीही जुळलं.

मग जे सुरू झालं ते बघण्यासारखं होतं. हिराजी तांडेल उठू लागले. भरती लागली की ते सात नंबरच्या कुंपणाबाहेर, टाकीच्या सावलीत जाऊन बसायचे आणि पांढऱ्या पत्र्याकडे बघत राहायचे, जणू तो पत्रा नाही, धुकं आहे आणि पलीकडे पाणी लागलंय. ओहोटीला ते माळावर फिरायला जायचे, डोकं खाली घालून, खडकात कालवांचे शिंपले शोधणाऱ्यासारखे. येताना खिशात गारगोट्या. दाढी करायला लागले. गेटवरच्या ड्रायव्हरांशी गप्पा मारायला लागले. धाकलूकाकांचा फोन आला तेव्हा त्यांनी ‘येतो’च्या जागी ‘बघू’ म्हटलं, आणि पडद्याआडून ते ऐकून दुर्वानं उशीत तोंड खुपसून दोन्ही पाय हवेत झाडले.

आई मात्र अजून तशीच. सांग त्यांना, आंघोळीचं पाणी तापलं. पण ते सांगताना तिचा आवाज पूर्वीइतका सपाट राहिला नव्हता.

दुर्वा त्या दिवसांत जमिनीवरून चालतच नव्हती. संध्याकाळी कॉलनीच्या गच्चीवर उताणी पडून ती बघायची, ढगांमधून चंद्राचा तुकडा बाहेर यायचा, आणि तिला वाटायचं, आत्ता बाराच्या बारा टाक्या मान कलती करत असतील. आणि टाक्याच का? कॅन्टीनमधल्या पातेल्यातला चहा. ड्रायव्हरच्या बाटलीतलं पाणी. शाळेच्या हौदातलं, कुंकवाच्या ताटातलं, माणसांच्या डोळ्यांतलं. जगातलं सगळं ओलं एकाच वेळी थोडंसं झुकतंय, इतकं थोडं की कुणालाच माहीत नाही, आणि तिला माहीत आहे.

नारळी पौर्णिमेच्या आधीच्या अष्टमीला मात्र घोटाळा झाला.

त्या दिवशी सात नंबरची रेघ जवळजवळ सपाट होती. बिराजदार मॅडम एरवी त्या रेघेकडे ढुंकून बघायच्या नाहीत, पण इतकी गप्प रेघ बघून त्यांना रडार बंद पडला की काय अशी शंका आली. त्यांनी वॉकीटॉकीवर विचारलं. दुर्वा तेव्हा टाकीच्या जिन्यावर अर्ध्यात होती, वारा सुटला होता, आणि तिच्या तोंडून अगदी सहज, घरात बोलावं तसं निघून गेलं.

“काही बिघडलं नाही मॅडम, आज भांग आहे ना.”

ही वाहिनी सगळा टाकीमाळ ऐकतो. गेट, पंपघर, आग विभाग, सगळे. आणि स्पिरिटच्या बारा टाक्यांमध्ये उभं राहून नशेची गोष्ट करणं म्हणजे काय, हे तिथलं कुत्रंही जाणून होतं.

“दुर्वा,” मॅडम अगदी हळू म्हणाल्या, “कठड्याला धर. खाली बघू नको. तिथंच बस. माणूस पाठवते.”

तिला आग विभागातल्या दोघींनी हाताला धरून खाली आणलं. गेटवरची फुंकायची नळी तोंडात दिली. काटा शून्यावर. पहाऱ्यावरच्या शेवंताबाई जाणकारासारख्या मान हलवून म्हणाल्या, की भांग फुंकणीत येत नसती, त्यांच्या दिराचीही कधी आली नव्हती. दुर्वा काय सांगतेय ते कुणी ऐकेचना, आणि ती हसू दाबायला लागली तसतशी सगळ्यांची खात्रीच पटत गेली. शेवटी मॅडमनी तिला आपल्या खोलीत नेलं, दार लावलं, लिंबाचं सरबत पुढे ठेवलं आणि विचारलं की कुणी दिली.

मग दुर्वानं सांगितलं. बंदरावर अमावास्या-पौर्णिमेला पाणी खूप चढतं, खूप उतरतं, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ते जेमतेम हलतं, आणि त्याला म्हणतात भांग.

बिराजदार मॅडमना हसताना टाकीमाळावर कुणी बघितलं नव्हतं. दुर्वानं बघितलं. “आमच्याकडं भांग म्हणजे एक तर डोक्यावरचा, नाही तर शिवरात्रीची,” त्या डोळे पुसत म्हणाल्या. आणि मग एकदम थांबल्या. “पण थांब की. सात नंबरला आज भांग आहे, असं तू म्हणालीस.”

त्यांनी संपूर्ण महिन्याची रेघ काढली. अमावास्येला फुगलेली, अष्टमीला बारीक झालेली. श्वास घेणाऱ्या पोटासारखी. मग पुढ्यातली चहाची बशी उचलून त्यांनी ती दुर्वासमोर किंचित तिरकी केली.

त्यांनी समजावलं ते असं. चंद्र पूर्वेला वर चढत असतो तेव्हा टाकीतल्या स्पिरिटला तिरपं, आपल्याकडे ओढतो. आकाशात अर्ध्यावर आला की ही तिरपी ओढ सगळ्यात जास्त. डोक्यावर आला की ओढ सरळ वर, मग झुकायचं तरी कुठे? बशी सपाट. पुढे तो मावळतीकडे कलला की बशी पश्चिमेला. टाकीतलं पाणी कुठून येत नाही, कुठे जात नाही, जागच्या जागी मान वळवतं. समुद्राचं तसं नाही. त्याला लांबून चालत यायचं असतं, भुशिरांना वळसे घालायचे असतात, खाडीच्या तोंडातून आत शिरायचं असतं. कोकणच्या किनाऱ्यावर ते पुरतं भरेपर्यंत चंद्र डोक्यावर येतो. म्हणून टाकी आधी, बंदर नंतर. मध्ये एक प्रहर.

“म्हणजे यंत्राचं घड्याळ...”

“घड्याळाला काय झालंय? एका सेकंदाची चूक नाही त्यात.” मॅडमनी गाळणीचा आदेश तिथल्या तिथे रद्द केला. त्या नुसत्या चमकत होत्या. “पोरी, लोक असली गोष्ट बघायला डोंगराच्या पोटात भुयारं खणतात. आणि इथं स्पिरिटच्या टाकीत...”

दुर्वानं सरबताचा ग्लास खाली ठेवला. जगातली सगळ्यात सुंदर गोष्ट नुकतीच तिला कुणीतरी समजावून सांगितली होती आणि तिला ती ऐकायची नव्हती. काल रात्रीपर्यंत तिनं केलेली ती दुरुस्ती होती. आता ती थाप झाली.

सांगायचं की नाही? नाही सांगितलं तर बाबा राहतील. रोज टाकीच्या सावलीत बसतील, एक प्रहर शिळ्या पाण्याकडे बघत. पाणी कधीच झुकून, सरळ होऊन गेलेलं असेल, आणि ते म्हणतील, हे बघ, आता लागली. सांगितलं तर त्यांच्याकडे पुन्हा ते उरेल, हे आपलं पाणी नाही. आणि नारळी पौर्णिमा सात दिवसांवर.

तिनं दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी, एकादशीला, संध्याकाळी पाचच्या सुमारास ती कुंपणाशी गेली. बाबा बसले होते. पूर्वेला दिवसाचा चंद्र चढला होता, धुतलेल्या कापडावर साबणाचा डाग राहावा तसा. बाबांच्या फोनवरची रेघ सांगत होती, पाणी अजून अर्ध्या वाटेवर आहे, सव्वाआठला भरेल.

ती त्यांच्याशेजारी मातीत बसली. “बाबा, ही रेघ मी मागं ओढलीय. आत भरती आत्ता आहे. या क्षणाला.”

त्यांनी फोनकडे बघितलं, मग पत्र्याकडे.

तिनं सगळं सांगितलं. बशी, तिरपी ओढ, भुशिरांचे वळसे. आपण का केलं तेही. तुम्ही जाऊ नये म्हणून, असं तिनं पुरं म्हटलं. बाबा रागावले असते तर बरं झालं असतं. ते मातीत बोटानं रेघोट्या ओढत बसले. आधी एक वाकडी, मग तिच्या पुढे दुसरी.

“म्हणजे हिथं आधी येतं,” शेवटी ते म्हणाले.

“हो.”

“आणि आमच्याकडे मागाहून. चालत.”

“हो, बाबा.”

“चाळीस वर्सं पाण्यात काढली मी,” ते म्हणाले, आणि त्यांच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं, “आणि आज कळतंय, समुद्र उशिरा येतो.”

ते उठले, कुंपणापाशी गेले आणि पहिल्यांदाच, वेळ नीट धरून, सात नंबरसमोर उभे राहिले. आत ते स्पिरिट, रंग नसलेलं, लाट नसलेलं, चंद्राकडे मान करून स्तब्ध. दुर्वाही उभी राहिली. पत्र्यावर उतरत्या संध्याकाळचा उजेड होता. दोघांनाही काहीच दिसत नव्हतं आणि दोघंही बघत होती.

मग परत फिरताना बाबा म्हणाले की ते जातील.

तिला वाटलं, झालं. खरं बोलण्याचं हे बक्षीस. पण ते चालता चालता, तिच्याकडे न बघता, थांबून थांबून बोलत राहिले. इथे राहिलो तर पाणी नाही, तिथे गेलो तर तुम्ही नाही, आणि या दोन गोष्टींमध्ये साडेतीनशे किलोमीटर कोरडी जमीन आहे, असं त्यांना सहा वर्षं वाटत होतं. आता ती कोरडी वाटत नव्हती. जी ओढ होडीखालचं पाणी उचलणार, ती आधी त्यांच्या पोरीच्या टाकीला शिवून जाणार. “तू मला सांगायचं,” ते म्हणाले. “लागली की सांगायचं. खरी वेळ. मागं ओढून नाय.”

“आणि आई?”

त्यांनी खिशातली एक गारगोटी काढून चोळली आणि परत ठेवली. हा प्रश्न चंद्राच्या आवाक्यातला नव्हता.

पौर्णिमेला समुद्राला नारळ द्यायचा तर आदल्या सकाळीच गाडी. आई दारात आली नाही. आतून म्हणाली, सांग त्यांना, डबा बांधलाय, बोंबलाची चटणी वेगळ्या डबीत आहे, आडवी धरली तर सांडेल. बाबा म्हणाले, सांग तिला, उभी धरतो. दुर्वानं दोन्ही निरोप पोचवले. मधलं अंतर चार पावलांचं होतं आणि ती त्यात घामाघूम झाली.

ते गेल्यावर घर मोठं झालं. आई तीन भाकऱ्या थापायची आणि तिसरी उचलून परातीत परत ठेवायची.

चतुर्थीला धाकलूकाकांची होडी पहिल्यांदा बाहेर पडणार होती. दुपारी बाराला दुर्वा पडद्यासमोर होती. चंद्र त्या वेळी पायाखाली, पृथ्वीच्या पलीकडच्या अंगाला. दिवसाची दुसरी भरती अशीच येते, चंद्र न दिसता. रेघ वर गेली, माथ्यावर टेकली. मागच्या खुर्चीवर बिराजदार मॅडम उगीच कागद चाळत थांबल्या होत्या.

तिनं फोन लावला. “लागली, बाबा.”

“लागली?” पलीकडे वारा होता, माणसांची हाकाहाक होती. “हिथं अजून वाटेवर हाय. येऊ दे. मी हाय.”

फोन बंद झाला. मग तो मधला प्रहर. दुर्वानं त्यात दोन रडार तपासले, एकाचा कर्णा पुसला, शेवंताबाईंच्या दिराची एक गोष्ट ऐकली, पण सगळा वेळ तिला जाणवत होतं की काहीतरी निघालंय, साडेतीनशे किलोमीटरवर, भुशिरांना वळसे घालत, घाई न करता.

तीनच्या आधी ती कॅन्टीनमध्ये जाऊन बसली. जेवणाची गर्दी ओसरली होती. आई मोठं पातेलं घासत होती, पाठ करून. तीन वाजून काही मिनिटं झाली आणि फोन वाजला. दुर्वानं तो टेबलावर ठेवून आवाज मोठा केला. बाबांनी फोन होडीच्या कडेबाहेर धरला असावा. आधी नुसती खरखर आली. मग एक भरदार, सावकाश आवाज, लाकडावर पाणी टेकावं, उचलावं, पुन्हा टेकावं तसा. पुरतं भरलेलं पाणी. त्याला घाई नव्हती.

आईचा पातेल्यातला हात थांबला. तिनं वळून बघितलं नाही. पाणी टेकलं, उचललं, टेकलं. मग ती आली, ओले हात तसेच पुढे धरून, आणि टेबलावर वाकली, तोंड अगदी फोनजवळ.

“कालवण कसलं केलंय?” तिनं विचारलं.

पलीकडून दोन लाटांपुरतं नुसतं पाणीच आलं.

“मांदेलीचं,” हिराजी तांडेल म्हणाले. “मीठ जास्त झालंय.”

“मग एक बटाटा टाका त्यात. उभा चिरून. आणि झाकण नका ठेवू.”

“बरं.”

“आणि आमसूल?”

दुर्वा हळूच उठली. फोन तिनं तिथेच राहू दिला. बाहेर ऊन कलत होतं. सात नंबरच्या पडद्यावर तिनं बघितलं, रेघ शून्यावर आली होती, बशी सपाट झाली होती. ती उभीच राहिली, नजर वळवली, परत बघितलं. आता स्पिरिट पश्चिमेकडे, समुद्राच्या बाजूला झुकायला लागलं होतं.